ब्रेल शिकणारा डोळस शिक्षक

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा अंध मुलाला इतर मुलांबरोबर सामान्य शाळेत बसवू पाहतो आणि त्यासाठी ब्रेल जाणणारे शिक्षक घडविण्याची व नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. हेतू स्तुत्यच. परंतु डोळस शिक्षक ही लिपी शिकतो कसा, याचा विचार क्वचितच होतो. संगणक आला, लिप्यंतर करणारी प्रणाली आली. आता अडचण ती कोणती, असा एकंदर सूर असतो.

अडचण आहे, आणि ती बोटांत नसून मनात आहे. डोळस प्रशिक्षणार्थी ब्रेल बहुधा डोळ्यांनीच वाचतो. पण अंगवळणी पडलेली देवनागरी त्याच्या आड येते. भारती ब्रेलमध्ये ‘किरण’ लिहिताना आधी क, मग इ येते. जोडाक्षरात हलन्ताची खूण अक्षराच्या अगोदर उमटते. स्लेटवर तर उजवीकडून डावीकडे टोचावे लागते. कागद उलटल्यावर अक्षर सुलट होते. त्यामुळे ‘ह’ टोचताना डोळ्यांपुढे ‘ज’चा आकार उभा राहतो आणि ‘ए’ टोचताना ‘इ’चा. येथे प्रश्न हुशारीचा नव्हे. मनाची एका वेळी पेलण्याची शक्ती अल्प असते. ती भलत्या कामी खर्ची पडली तर शिकणे खुंटते, असे ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1988 साली मांडले.

यंत्र हा भार हलका करू शकते. संगणकावर सहा कळा एकदम दाबून अक्षर उमटविता येते, चूक तत्काळ दिसते, उलट-सुलटाचा घोळ टळतो. हा लाभ खराच. मात्र नवे यंत्र आणि नवी लिपी एकाच आठवड्यात माथी मारली, तर विद्यार्थी यंत्र शिकतो, लिपी नव्हे. लिप्यंतराचे तर विचारूच नये. मराठी मजकूर घातला की ब्रेल तयार! श्रम वाचले, पण ज्या श्रमांतून लिपी मनात रुजायची, तेच वाचले.

याची किंमत मोजावी लागते ती अंध मुलाला. त्याने गृहपाठाचे पान पुढे केले आणि गुरुजींना ते वाचताच आले नाही, तर त्याची चूक त्याला सांगणार कोण? आमच्या मते, आरंभीचे काही आठवडे लिप्यंतराची सोय बंद ठेवावी, सहा कळांवर हात बसू द्यावा, स्लेट त्यानंतर द्यावी. आणि परीक्षेत छापील उतारा न देता एखाद्या मुलाने स्वतः टोचलेले, चुकांनी भरलेले पान वाचावयास द्यावे.