सही करण्याआधी विचारा

परवा शेजारच्या गल्लीतली एक बाई एक्स-रेचं पाकीट घेऊन दारात उभी राहिली. "ताई, पोरीच्या पाठीत बाक आलाय. आपरेशन करायचं म्हणत्यात. हाड लवकर जुळायला महागाचं औषध घालायचंय म्हणं. मुकादमाकडून उचल वाढवून घेते, सही कुठं करायची तेवढं सांगा."

पोरगी तेरा वर्षांची. आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, पोर आजीजवळ. आई सहा महिन्यांनी परतली आणि वेणी घालताना एक खांदा वर दिसला. तोवर सगळे दप्तराला दोष देत होते. मैत्रिणींनो, दप्तरानं असा बाक येत नाही. बहुतेक मुलींमध्ये कारण सापडतच नाही, आणि उंची झपाट्यानं वाढते त्या वयात तो वाढतो. मुलीला पुढे वाकवून मागून पाहिलं तर एका बाजूची पाठ उंच दिसते. धर्मापुरीतल्या आज्यांना एवढं तरी शिकवायला हवं. बाक ५० अंशांच्या आसपास गेला की सळ्या-स्क्रू लावून मणके सांधतात. त्यात हाडाचा चुरा भरतात, बऱ्याचदा त्याच मुलीच्या हाडाचा.

ते महागाचं औषध म्हणजे बीएमपी, हाड वाढवणारं प्रोटीन. १९६५ मध्ये डॉ. मार्शल युरिस्ट यांनी हाडातल्या या गुणाचा शोध लावला. २००२ मध्ये अमेरिकेत मणके सांधण्यासाठी त्याला परवानगी मिळाली, पण कमरेच्या मणक्यासाठी आणि वाढ पूर्ण झालेल्या मोठ्या माणसांसाठी! २००८ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं इशारा दिला, की मानेत वापरल्यावर सूज येऊन श्वास, गिळणं अडल्याचे प्रकार घडलेत. आणि जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं, १८ वर्षांखालच्यांत ते सर्रास वापरू नका. मुलांची हाडं अजून वाढत असतात. नको तिथं हाड वाढू शकतं, पाणी साठू शकतं, सूज येऊ शकते. दुसरा उपायच उरला नसेल तर डॉक्टर विचार करतात, ते वेगळं. पण मुलांचे मणके स्वतःच्या हाडानंही बहुधा चांगले जुळतात.

मला राग आला तो औषधाचा नाही. "महागाचं आहे म्हणजे चांगलंच असणार," या आपल्या भाबडेपणाचा आला. आणि सहीचा कागद समजावून न सांगणाऱ्या त्या दवाखान्याचाही. आई लेकरासाठी डोरलं मोडते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मी तिला पोरीच्याच वहीत प्रश्न लिहून दिले. हे औषध का हवं? लहान मुलांसाठी परवानगी आहे का? पोरीचं हाड वापरलं तर काय बिघडेल? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं? शिवाय अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात दुसरा सल्ला घे, म्हटलं. जाताना ती घाबरली होती. "डॉक्टर रागावतील का हो ताई?"

कुणी रागावलं नाही. "पोरीचंच हाड वापरू, त्यानंही होईल," एवढंच उत्तर मिळालं. आता आपरेशनची तारीख ठरलीय. यंदा आई फडावर जाणार नाही. बाप अर्धा कोयता म्हणून एकटाच चाललाय.