परसांतील दुर्बीण

ग्रहांचीं उत्तम छायाचित्रें घेणें हें मोठ्या वेधशाळांचेंच काम, अशी पुष्कळांची समजूत असते. ती आतां खरी राहिलेली नाहीं. घरच्या परसांत सहा-आठ इंची दुर्बीण उभी करून गुरूचे पट्टे व शनीचें कडें टिपणारे हौशी लोक आज देशोदेशीं आहेत.

यांतील मुख्य अडचण दुर्बिणीची नसून हवेची आहे. हवेचे उष्ण व थंड थर हालत असल्यामुळें ग्रहाचें बिंब वाहत्या पाण्याच्या तळाशीं पडलेल्या नाण्याप्रमाणें थरथरतें. यावर तोड अशी कीं, डोळा लावावयाच्या भिंगाच्या जागीं लहानसा कॅमेरा बसवून एक-दोन मिनिटांत हजारों चित्रें घ्यावयाचीं. हवा क्षणभर निवळते तेव्हांचीं स्वच्छ चित्रें संगणक निवडतो व तीं एकावर एक ठेवून त्यांचें एक चित्र करतो. हा नीरक्षीरविवेकच म्हणावयाचा! शंभर चित्रें अशीं एकत्र केलीं कीं खरखर दहापटीनें कमी होते. मात्र गुरु दहा तासांच्या आंतच स्वतःभोंवतीं फिरतो. म्हणून चित्रण लांबल्यास तपशील पुसला जातो.

पण सुंदर चित्र हें या खटाटोपाचें सर्वस्व नव्हे. ऑस्ट्रेलियांतील अँथनी वेस्ली या गृहस्थांस १९ जुलै २००९ च्या रात्रीं घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणींतून गुरूच्या दक्षिण ध्रुवानजीक एक काळा डाग दिसला. उपग्रहाची छाया म्हणावी तर मेळ बसेना. त्यांनीं दोन रात्रींपूर्वीचीं आपलीं चित्रें काढून पाहिलीं. त्यांत डाग नव्हता! त्यांनीं ज्योतिर्विदांस कळविलें. हवाई बेटांवरील नासाच्या अवरक्त दुर्बिणीनें ती आघाताची खूण असल्याचें दाखविलें, आणि २३ जुलैस हबल दुर्बिणीनेंहि तिचें चित्र घेतलें. आदलीं चित्रें जपलेलीं नसतीं, तर डाग नवा कीं जुना हें त्यांस कसें ठरवितां आलें असतें?

‘वेध’ हा शब्द ‘व्यध्’ म्हणजे भेदणें या धातूपासून आला आहे. नेम चुकला तर वेध कसला? संगणकाकरवीं चित्र वाजवीपेक्षां अधिक धारदार केलें, तर आकाशांत नाहीं तेंहि त्यांत उमटूं लागतें. पाहणारे वाहवा करतात आणि सत्य मात्र हरवतें.

म्हणून ज्या घरीं मुलांनीं दुर्बीण मागितली असेल, तेथील वडीलधाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, दुर्बिणीसोबत एक वहीहि द्यावी. तींत प्रत्येक चित्राची तारीख, वेळ व हवेची स्थिति लिहावी, आणि मूळ चित्रण, ओबडधोबड असलें तरी, टाकूं नये.