कायमचा पत्ता

आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाने रॉक संगीतावर लिहावं, हे आमच्या सौ.ला अजून पटत नाही. "तुमचे भीमसेन आणि वसंतरावच बरे," असं तिचं म्हणणं. पण कान म्हणजे काही मुदत ठेव नव्हे, एकाच खात्यात अडकवून ठेवायला.

माझं खातं बदललं ते पुतण्यामुळे. पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत जळगावला आला की, "काका, हे एकदा ऐकाच," म्हणून कॅसेट लावायचा. एकदा त्याने पिंक फ्लॉईडची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकवली. तिच्यातलं 'मनी' हे गाणं गल्ल्याच्या आणि नाण्यांच्या खणखणाटाने सुरू होतं. आणि तो खणखणाट चक्क सात मात्रांत! मी टेबलावर रूपक धरला. पुढे गिटारच्या तुकड्याला ठेका चारावर गेला आणि माझा हिशेब चुकला. 'रॉक म्हणजे गोंगाट' हे माझं मत त्या दिवशी बुडीत खाती जमा झालं.

मग आली दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ची 'कांदिसा', साल २०००. सुश्मित सेन यांची गिटार, सतारीच्या वळणाने जाणारी. असीम चक्रवर्ती यांचा तबला आणि मोकळा गळा. २००९ मध्ये ते गेले. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या अरामी भाषेतल्या प्राचीन प्रार्थनेवरचं. मी खूश होऊन ऐकत होतो आणि 'मा रेवा' लागलं. रेवा म्हणजे नर्मदा. नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं. ते गाणारे, बेस गिटार वाजवणारे राहुल राम हे नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होते. मी उठून टेप बंद केला.

पुतण्या म्हणाला, "आवडलं नाही?"

त्याला काय सांगणार? १९९४ च्या सुमारास मी तळोद्याच्या बाजूला एका शाखेत होतो. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून चार वर्षं होती. सगळा मुलूख धुळ्यातच. सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातली ३३ गावं. मणिबेलीत पाणी शिरलेलं, तळोदा तालुक्यात पुनर्वसनाच्या वसाहती उठत होत्या. तिथलाच एक म्हातारा खातं उघडायला आला. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना. त्याने नदीकाठच्या गावाचं नाव सांगितलं.

"बाबा, ते तर पाण्यात जाणार ना? आत्ताचा सांगा."

"कायमचा इचारला ना, साहेब?"

मागे रांग होती. मी गावाचं नाव खोडलं, वसाहतीचा क्रमांक लिहिला, अंगठा घेतला. नियमाप्रमाणे सगळं चोख होतं. त्या खोडाखोडीचा जाब सहा वर्षांनी मला एका कॅसेटने विचारला.

टेप त्याच रात्री पुन्हा लावला, एकट्याने. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की अल्बम सुटासुटा ऐकू नये. प्रार्थना आणि नदी शेजारी ठेवण्यात त्या मंडळींचा विचार आहे. मोबाइलवर एकेक गाणं टिचकीसरशी पुढे ढकलणाऱ्यांना तो कळायचा नाही. मला १९९७ ची त्यांची 'डेझर्ट रेन' त्याहून खडबडीत आणि म्हणून जास्त जिवंत वाटते. २०१० चा '१६/३३० खजूर रोड' त्यांनी महिन्याला एकेक गाणं करत इंटरनेटवर फुकट दिला. माल फुकट वाटणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला! करोल बागेतल्या ज्या घरात ते सराव करत, त्याचा तो पत्ता. पत्त्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

आता धुळ्या-जळगावच्या कॉलेजांतही गिटारवाली पोरं आहेत. चांगलं वाजवतात, पण मुंबईचं वाजवतात. श्रावणात कानबाईची गाणी घरोघर रात्रभर चालतात, सातपुड्यात पावरी वाजते, अहिराणीत तर शब्दांना तोटा नाही. आपल्या नदीचं गाणं दिल्लीच्या पोरांनी आणून द्यावं, याची मला लाज वाटली. तुम्हालाही थोडी वाटावी.

पोरांनो, आजीला विचारा, डोंगरात जा, असा एक अल्बम काढा. पहिली प्रत मी घेईन. रोखीने.