आपल्या जागेचा राखणदार कोण?

मैत्रिणींनो, राखीव जागा कायद्यात आली की ती आपल्या पदरात पडली, असं आपण धरून चालतो. पण त्या जागेची निवडणूक वेळेवर घेणारा अधिकारी कुणाच्या हाताखालचा, हा प्रश्न आपल्या बैठकीत कधी येतो का?

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने बायकांना स्थानिक संस्थांत एक-तृतीयांश जागा दिल्या. त्याच दुरुस्त्यांनी प्रत्येक राज्याला स्वतंत्र निवडणूक आयुक्त दिला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जसं सहज काढता येत नाही, तसंच यालाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत, असं मी मानते.

गोव्यात हा आधार सुटला. सरकारने आपल्याच कायदा सचिवाकडे आयुक्तपदाचा जादा कारभार दिला. पाच नगरपालिकांच्या आरक्षणात बायकांच्या जागा नीट राखल्या नव्हत्या, म्हणून उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सरकारी नोकर निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही. नोकर मालकाला नाही कसं म्हणणार?

आमच्या सोलापुरात आयुक्त स्वतंत्र होता, पण हात बांधलेले. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटना सांगते. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होताच. शिवाय मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग आखण्याचा आयोगाचा अधिकार सरकारकडे नेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे गाडं हललं. तोवर प्रशासकाचं राज्य. १०२ जागांपैकी बायकांच्या ५१ जागा जवळजवळ चार वर्षं रिकाम्या.

कुणी म्हणेल, नगरसेविका नावाला, कारभार नवऱ्याचा. काही घरांत तसं आहेही. पण खुर्चीच मिळाली नाही तर बाई शिकणार कधी? आणि विडी वळणाऱ्या बाईने तुंबलेल्या गटाराचं गाऱ्हाणं घेऊन रोजगार बुडवून साहेबांच्या दाराशी किती खेटे घालायचे? तिला गल्लीतलं माणूस लागतं.

म्हणून आपल्या मागण्यांत आणखी दोन घालूया. प्रभाग आखण्याचा अधिकार आयोगाला परत द्या. आणि आयुक्ताचं नाव एकट्या सरकारने ठरवू नये; विरोधी पक्षनेता आणि न्यायाधीश यांच्यासह समितीने ठरवावं. राखणदारच बांधलेला असेल तर राखीव जागा कागदावरच राहते.