झाडाआड उभी असलेली बहीण

वाचकहो, या वेळी सुरुवात एका कार्टूनपासून करतो. आरोग्याच्या पाक्षिकात कार्टूनचे काय काम, असे आपणांस वाटेल. पण थोडा धीर धरावा.

२०१२ सालच्या डिसेंबरची अखेर होती. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि रविवारी सकाळी दूरचित्रवाणीसमोरून हलत नसे. २३ डिसेंबरपासून कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ नावाची मालिका सुरू झाली होती. गोष्ट मुंबईची, गरीब वस्तीतल्या मुलाची. क्रिकेटपटू होण्याचे त्याचे स्वप्न आणि त्यासाठी त्याला रात्रंदिवस घासणारा कठोर बाप. मुंबईची असूनही चित्रांची धाटणी मात्र जपानी होती, कारण ही मालिका एका जपानी कंपनीने हैदराबादच्या कंपनीसह तयार केली होती. मूळ कथाही जपानीच. ‘क्योजिन नो होशी’ ही बेसबॉलवरची चित्रकथा १९६६ मध्ये एका साप्ताहिकात सुरू झाली, आणि १९६८ ते १९७१ या काळात तिची दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये घराघरांत पाहिली गेली. आमच्या कोल्हापुरात ही गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पोराला पहाटे तालमीत नेऊन वस्तादाच्या हवाली करणारे आणि खासबागेच्या मैदानात त्याच्या नावाचा पुकारा व्हावा म्हणून आयुष्य वेचणारे बाप आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

मुलाचे लक्ष अर्थातच सूरजच्या गोलंदाजीकडे असे. माझे लक्ष वेधले ते त्याच्या बहिणीने, शांतीने. मालिकेत तिचे काम तसे थोडके. पुढे कुतूहल म्हणून मूळ मालिकेविषयी वाचले, तेव्हा कळले की मूळ कथेत तिचे नाव आकिको आहे. आई वारलेली. बाप मुलाला घडवण्यात बुडालेला आणि भाऊ सरावात. स्वयंपाक, धुणे, दोघांची उस्तवार हे सारे आकिकोच्या अंगावर, आणि ती स्वतः अजून लहानच. भावाचा सराव चाललेला असताना ती झाडाआड उभी राहून डोळ्यांत पाणी आणून पाहत असते. हे दृश्य जपानमध्ये इतके प्रसिद्ध झाले की आडोशाला उभे राहून कोणाची तरी काळजी करणाऱ्या व्यक्तीला तिचीच उपमा देतात. मला खटकले ते एवढेच की ते सारे दृश्य भावाविषयी आहे. तिचे काय चालले आहे, हे त्या घरात कोणी विचारत नाही.

हे मी लिहितो आहे, कारण मीही विचारले नव्हते.

मंगळवार पेठेतील एक आजोबा माझे जुने रुग्ण. घरात त्यांना सारे ‘आबा’ म्हणतात. वय ७४, बरीच वर्षे मधुमेह, दोन वेळा इन्शुलिन. त्यातच अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जड झाले. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात, बहुधा रात्रपाळीला. सून साड्यांच्या दुकानात, सकाळी नऊला बाहेर पडणारी. आजी आधीच गेलेल्या. राहिली दहावीतली नात. दर पंधरवड्याला मी घरी जाई, तेव्हा ती साखरेची वही माझ्या हातात देऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राही. वही इतकी नेटकी की मी ती इतर रुग्णांच्या घरी उदाहरण म्हणून सांगत असे. मी विचारी, ‘‘उपाशीपोटी किती होती? पाठीला जखम नाही ना? लघवी नीट होते ना?’’ ती अचूक उत्तरे देई. मी ‘‘शाब्बास’’ म्हणून बॅग उचलत असे. असे आठ महिने चालले.

नवव्या महिन्यात ती एकटीच दवाखान्यात आली. पाठ दुखते म्हणाली. पंधरा वर्षांच्या मुलीची पाठ का दुखावी, म्हणून खोदून विचारले, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. आबांना कुशीवर वळवणे, उचलून खुर्चीत बसवणे ती एकटी करत होती. रात्री दोनदा-तीनदा उठत होती. शाळेत डोळा लागतो म्हणून बाई रागावल्या होत्या. मग खाली मान घालून, अपराध कबूल करावा तशा स्वरात तिने सांगितले, ‘‘डॉक्टर, एकदा रात्री आबांना दरदरून घाम आला होता. साखर ४८ भरली. मी साखरपाणी पाजलं. आईला उठवलं नाही, तिला सकाळी कामावर जायचं असतं. वहीत लिहिलं नाही, कारण तुम्ही रागवाल असं वाटलं.’’

वहीतल्या आकड्यांवर माझा एवढा विश्वास होता, आणि ज्या हाताने ते लिहिले त्याच्याकडे मी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि सर्वांना एकत्र बसवले. आईवडिलांना दोष देण्याचे काहीच कारण नव्हते. दोघेही राबत होते, आणि मुलगी काही बोलत नव्हती. धक्का दिला तो आबांनी. अडखळत, शब्द शोधत ते म्हणाले, ‘‘मला ठाऊक होतं. म्हणून मी दुपारनंतर पाणीच पीत नव्हतो. रात्री पोरीला उठायला नको.’’ त्या दोन महिन्यांत त्यांना दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. मी प्रतिजैविके दिली होती. पाणी का कमी पितात, हे विचारले नव्हते. नात आजोबांना जपत होती, आजोबा नातीला जपत होते, आणि या मुक्या जपण्यात दोघांचीही प्रकृती ढासळत होती.

आपल्याकडे अशा मुलीला ‘गुणी पोर’ म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. आकिकोच्या जपानने अलीकडे तिचा विषय पुढे नेला आहे. २०२१ मध्ये तेथील सरकारने पाहणी जाहीर केली. माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातील ५.७ टक्के मुलांनी, म्हणजे साधारण सतरांत एकाने, घरातील कोणाची तरी देखभाल आपण करतो असे सांगितले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी याविषयी कधी कोणाशी बोललेलेही नव्हते. २०२४ मध्ये तेथे अशा मुलांचा कायद्यात उल्लेख आला. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. कायद्याने सारे होते असे मी म्हणत नाही. पण एखाद्या गोष्टीला नाव मिळाले की ती दिसू लागते, हा वैद्यकातलाही अनुभव आहे.

नातवंडांनी आजी-आजोबांचे काही करूच नये, असा याचा अर्थ कृपया काढू नये. वर्तमानपत्र वाचून दाखवणे, सोबत बसणे, पाणी देणे, गोळीची आठवण करणे, अंगणात हात धरून चालवणे यातून मूल मोठेच होते, आणि ज्येष्ठांचे मनही रमते. प्रश्न ओझ्याचा आहे. इन्शुलिनची मात्रा ठरवणे, लघवीची नळी हाताळणे, एकट्याने उचलणे आणि रोजची रात्रीची जाग ही कामे मोठ्यांचीच. घरात दुसरे कोणी नसेल, तर निदान रात्रीची पाळी वाटून घ्यावी.

उचलण्याविषयी एक साधी गोष्ट सांगतो. रुग्णाच्या अंगाखाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, घडी घातलेली जाड चादर कायम ठेवावी. कूस बदलताना किंवा वर सरकवताना दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून हलवावे; हात धरून ओढू नये. लुळ्या बाजूचा खांदा ओढल्याने निखळतो, हे पुष्कळांना माहीत नसते. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून ही पद्धत साऱ्या घराने शिकून घ्यावी. खर्च एकदाच होतो आणि पुढे कितीतरी पाठी वाचतात.

साखर ७० च्या खाली गेली, तर रुग्ण शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असल्यास पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यावे. अर्धांगवायूमुळे गिळताना ठसका लागत असेल, तर अशा वेळी काय द्यायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता १०८ ला फोन करावा. घरात मूल एकटे राहत असेल, तर ‘आधी मोठ्या माणसाला उठव, मग बाकीचे’ हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. उठवल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हेही सांगावे. माझ्या रुग्णाच्या नातीला हे कोणीच सांगितले नव्हते. मीसुद्धा.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती आहे. आपल्या उशाशी जे मूल उभे असते, त्याचा चेहरा आपण दिवसभर पाहता. डॉक्टर पंधरा मिनिटे पाहतो. ते सकाळी सुस्त दिसते का, जेवण टाळते का, मैत्रिणी येईनाशा झाल्या का, वारंवार डोके वा पोट दुखते म्हणते का, हे आपल्याला आधी कळेल. ते आपण मुलाला, सुनेला सांगावे. आपण भार आहोत या संकोचाने गप्प राहू नये, आणि पाणी तर मुळीच कमी करू नये. देखभाल करणाऱ्यांनी त्या मुलाला बाजूला घेऊन एकट्याने विचारावे. चारचौघांत विचारले तर ‘‘मी ठीक आहे’’ हेच उत्तर येते. कोणाशी बोलावे हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनावरच्या ताणासाठी टेलिमानस १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत.

मंगळवार पेठेत आता रात्रीची पाळी आईवडील त्यांच्या कामाच्या वेळांप्रमाणे वाटून घेतात. शेजारच्या एक मावशी दुपारी दोन तास येतात. आबांच्या खाटेला हाताच्या अंतरावर लघवीचे भांडे अडकवले आहे. डाव्या हाताने त्यांना ते जमते. संसर्ग त्यानंतर झालेला नाही. गेल्या भेटीत साखरेची वही सुनेने आणून दिली. तिच्यात तीन निरनिराळी हस्ताक्षरे होती आणि एका सकाळची नोंद राहून गेली होती. नात कुठे आहे म्हणून विचारले.

‘‘शिकवणीला,’’ आबा म्हणाले, आणि डाव्या हाताने तांब्या उचलून घोटभर पाणी प्याले.