मुलांच्या हातात रोप नको, कंद द्या!



जून उजाडला की आपल्या शाळांमध्ये वृक्षारोपणाची धांदल सुरू होते. खड्डे खणले जातात, रोपं येतात, फोटो काढले जातात. काही मुलं एखादं रोप घरीही नेतात. पुढच्या मे महिन्यात त्याचं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. शाळेला सुट्टी, मूल मामाच्या गावाला, विहिरीने तळ गाठलेला. जूनमध्ये परत येऊन बघावं तर कुंडीत एक वाळकी काडी उभी! मुलाने त्यातून एकच धडा घेतलेला असतो, 'आपण लावलेलं जगत नाही.'

मी नाशिकजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बरीच वर्षं हे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. ज्या झाडाला वर्षभर पाणी घालणारं मोठं माणूस आहे, ते झाड जरूर लावा. पण लहान मुलाच्या हातात स्वतःचं म्हणून पहिलं काही द्यायचं असेल, तर फुलाचा कंद द्या. कारण कंदालाही सुट्टी असते. अनेक कंदांची पानं कोरड्या दिवसांत वाळून जातात, पण मातीखाली कंद जिवंत राहतो आणि पाऊस आला की पुन्हा उठतो. आपल्या शाळेचं वेळापत्रक आणि त्याचं वेळापत्रक छान जुळतं.

कंद म्हणजे काय?

वर्गात 'बल्ब' म्हटलं की पोरं छताकडे बघतात. 'कांदा' म्हटलं की लगेच समजतं. लासलगावच्या बाजारात जाणारा ट्रॅक्टर रोज पाहणाऱ्या मुलांना आणखी काय सांगायचं? एक कांदा उभा कापा. तळाशी जी छोटी चकती दिसते ते खोड, तिच्या खालच्या केसांसारख्या मुळ्या आणि वरचे पांढरे पापुद्रे म्हणजे पानं. त्या पानांत झाडाने पुढच्या हंगामाची शिदोरी भरून ठेवलेली असते. म्हणून तर टोपलीत विसरलेल्या कांद्याला माती-पाण्याशिवाय हिरवा कोंब फुटतो. ज्यांच्या घरी कांद्याचं बी धरतात, त्या मुलांनी डेंगळ्यावरचा पांढरा गोंडाही पाहिलेला असतो. कांद्यालाही फूल येतं, हे ती मुलंच इतरांना सांगतात.

पुस्तकात यांची वेगवेगळी नावं आहेत. लिलीचा शल्ककंद, ग्लॅडिओलसचा घनकंद, कर्दळ आणि हळदीचं मूलक्षोड. मोठ्या वर्गांना ती जरूर शिकवा. लहानांना मात्र 'गड्डा' म्हटलं तरी पुरे.

माझे पैसे कसे वाया गेले

आधी स्वतःची चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी ट्यूलिपचे सुंदर फोटो पाहून मी घरबसल्या दहा कंद मागवले. सोबत रंगीत हातमोजे, छोटं फावडं, दाताळं, फवारा असा सेटही घेतला. कंदांना पानं आली. फूल एकालाही आलं नाही. फेब्रुवारीच्या उन्हात पानं माना टाकून बसली आणि उकरून पाहिलं तर कंद मऊ पडलेले. फावड्याची प्लॅस्टिकची मूठ आमच्या मुरमाड मातीत पहिल्याच दिवशी तुटली होती.

यात कंदाचा दोष नव्हता. ट्यूलिपला फूल धरायला साधारण तीन-चार महिने सलग गारवा लागतो, पारा 9 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. आपल्याकडे निफाडला थंडीची कितीही बातमी झाली, तरी ती पहाटेची थंडी असते. दुपारी ऊन तापतंच. म्हणून ट्यूलिपची बाग श्रीनगरला फुलते, नाशिकला नाही. आधीच थंडीत ठेवलेले कंद मिळाले तर एखाद्या वेळी फूल येईलही, पण पुढच्या वर्षी पुन्हा नवे विकत घ्या! ट्यूलिपच्या वेडाने भल्याभल्यांना फसवलंय. हॉलंडमध्ये एकेका कंदाचे भाव आभाळाला भिडले होते आणि 1637 च्या फेब्रुवारीत ते धाडकन कोसळले. माझं नुकसान त्यामानाने फारच किरकोळ म्हणायचं.

मग लावायचं काय?

आपल्या हवेत मुकाट्याने वाढणारं, आणि शेजारणीकडे मागितलं तर मिळणारं.

निशिगंध, म्हणजेच गुलछडी. मूळचा मेक्सिकोचा, पण आता आपल्या हारात आणि वेणीत असा बसलाय की परका वाटत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' ही जात याचीच. उन्हाळ्यात किंवा पावसाच्या सुरुवातीला कंद लावला की तीन-चार महिन्यांत दांडा येतो आणि एका कंदाच्या भोवती पिल्लं धरतात.

पावसाळी लिली. गुलाबी किंवा पांढरी. कंद छोट्या कांद्याएवढा, मुलाच्या मुठीत मावणारा. चांगला पाऊस झाला की काही दिवसांत फुलं हजर. मुलांना पावसाची नोंद ठेवायला याहून चांगलं साधन नाही.

मे फ्लॉवर. लाल चेंडूसारखं फूल. हिवाळ्यात पूर्ण झोपतं आणि मे-जूनमध्ये वळवाच्या सरींबरोबर उठतं.

कर्दळ आणि सोनटक्का. मोरीचं पाणी जातं तिथे लावा. वेगळं पाणी घालायची गरज नाही.

गुलशनाबाद म्हणवलेल्या आपल्या नाशिकला एवढं तर जमायला हवं!

सामान किती लागतं?

फार थोडं. आठवडे बाजारात मिळतं ते लोखंडी खुरपं, आमच्या घरी आईचंच अजून चालतंय. कुंडी म्हणून तेलाचा रिकामा डबा किंवा फुटका माठ चालेल, फक्त तळाला भोकं हवीत. झारी म्हणून पाण्याची बाटली, झाकणाला दाभणाने भोकं पाडलेली. आणि आइस्क्रीमची काडी, तिच्यावर मुलाचं नाव आणि लावल्याची तारीख. ही काडी विसरू नका. कंद झोपला की वर काहीच दिसत नाही आणि घरातलं कुणीतरी ती माती दुसऱ्या झाडाला घालून मोकळं होतं.

दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू. कंदाच्या उंचीच्या साधारण दुप्पट खोल खड्डा, कोंबाचं टोक वर. आधी बोट मातीत खुपसून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आणि पानं पिवळी पडून वाळायला लागली की पाणी बंद. कंद तहानेने क्वचित मरतो, जास्त पाण्याने कुजून मात्र हमखास मरतो. हे मुलांपेक्षा आपल्या आज्यांना समजावणं कठीण आहे!

दोन गोष्टी मात्र कडक

पहिली. कांद्यासारखं दिसतं ते सगळं खायचं नसतं. लिली आणि मे फ्लॉवरचे कंद पोटात गेले तर त्रास होतो. गौरीच्या दिवसांत फुलणारी कळलावी तर अत्यंत विषारी आहे. तिच्या कंदातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. लहान मुलांच्या घरात आणि शाळेत कळलावी नकोच. कंद हाताळला की साबणाने हात धुवायचे आणि फुलांचे कंद स्वयंपाकघरातल्या टोपलीत कधीच ठेवायचे नाहीत.

दुसरी. ब्रह्मगिरी, अंजनेरीला सहलीला गेलो की रानातला कंद उकरून आणायचा नाही. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही छोटी कंदवर्गीय वनस्पती जगात फार थोडी उरली आहे. हौसेने उकरलेला एक कंदही तिथे महाग पडतो. रानातलं फूल रानातच बघायचं.

आणि शेवटी एक अनुभव

माझ्या वर्गातल्या एका तिसरीच्या मुलीने मे फ्लॉवरचा कंद घरी नेला होता. जानेवारीत डबा परत घेऊन आली. पानं पार वाळलेली. "मॅडम, हे मेलं. आई म्हणते यात कोथिंबीर लावू." मी तिला बोटाने माती बाजूला करायला लावली. कंद टणक होता. "दाबून बघ. मऊ लागला तर मेला, टणक आहे तर झोपलाय." तिने तीनदा दाबून पाहिला आणि डबा घरी नेला.

फूल मे महिन्यात आलं, सुट्टीत. मी ते पाहिलंच नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिने हाताचे दोन्ही पंजे जोडून त्याचा आकार दाखवला आणि म्हणाली, "आईला मीच सांगितलं होतं, झोपलंय म्हणून."

आपल्यालाही वर्गात एखाद्या मुलाबद्दल "याला काही येणार नाही" म्हणायची घाई असते. कंद लावायला लागल्यापासून माझी ती घाई थोडी कमी झाली आहे. पूर्ण गेली, असं खोटं सांगणार नाही.

तेव्हा यंदा शाळा उघडली की प्रत्येक मुलाला एक कंद द्या. शेजाऱ्यांकडून मागा, गावातल्या जुन्या अंगणांतून आणा. काडीवर तारीख लिहा. आणि पानं वाळली तर डबा फेकू नका, आधी दाबून बघा.