चपलेचा अभिमान

२०२५ सालच्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्राडा या पेढीनें पुरुषांच्या पोशाखाचें प्रदर्शन भरविलें, आणि त्यांत मिरवणाऱ्या तरुणांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी चपला दिसल्या. पेढीनें त्यांना नुसत्या चामडी चपला म्हटलें. कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. झालें! चार दिवसांच्या आंत आमचा सारा सुशिक्षित वर्ग खवळून उठला. ज्यांच्या पायांत गेल्या दहा वर्षांत रबरी तळाच्या बुटांखेरीज दुसरें कांहीं चढलें नव्हतें, त्यांनाही आपल्या पूर्वजांची कला चोरीस गेल्याचा साक्षात्कार झाला. मुंबईच्या उच्च न्यायालयांत जनहितयाचिका गेली व जुलैंत ती फेटाळलीही गेली. पेढीनें भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचें मान्य केलें, आणि डिसेंबरांत महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशीं व कर्नाटकाच्या तशाच महामंडळाशीं करार करून सुमारें ८०० युरो किंमतीचे २,००० जोड काढण्याची घोषणा केली. प्रकरण मिटलें. आमचा अभिमान तृप्त झाला, आणि आम्ही पुन्हां रबरी बूट चढवून कामाला लागलों.

प्राडाचा कैवार घेण्याची मला हौस नाहीं. दुसऱ्याची वस्तु घेऊन तिचें नांव पुसणें ही लबाडीच होय, मग ती मिलानमध्यें होवो कीं महाद्वार रोडवर. परंतु ‘चोर, चोर’ म्हणून जे सर्वांत मोठ्यानें ओरडले, ते कोल्हापुरी चपलेशीं स्वतः कसे वागत आले आहेत, हें विचारण्याचा हक्क मला आहे. कारण त्या ओरडणारांत मीही होतों.

मी पुण्यास नोकरी करतों. ओतीव लोखंडाच्या भागांची तपासणी हा माझा व्यवसाय. त्यामुळें महिन्यांतून दोनदां तरी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगांवच्या कारखान्यांत माझी फेरी होते. पहांटे स्वारगेटला एस. टी. गांठावी, साताऱ्यापुढें डुलकी काढावी, दुपारीं भट्टीसमोर घाम गाळावा, आणि रात्रीं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानें ते श्रम विसरावे, हा क्रम आठ वर्षें चालला आहे. या प्रवासाची पै न् पै मला मिळते. गाडीभाडें निराळें, राहण्याचा खर्च निराळा, जेवणाचा भत्ता निराळा. गाडी खंबाटकीच्या घाटांत तीन तास अडकून पडली, तर ते तीन तासही माझ्या पगारांत जमा असतात. आठ वर्षांत एकाही कारखानदारानें मला, ‘साहेब, एवढ्याशा तपासणीला इतके कसले पैसे? जरा कमी करा,’ असें म्हटलेलें नाहीं. माझ्या वेळेला किंमत आहे, आणि ती किंमत छापील आहे.

गेल्या खेपेस पुण्याच्या एका मित्रानें बजावून सांगितलें होतें, ‘येतांना दोन जोड आण; पण जरा ओढूनताणून घे. ते लोक दुप्पट सांगतात.’ दुकानांत जाण्याऐवजीं मी सुभाषनगरांत एका कारागिराच्या घरीं गेलों. घर म्हणजेच कारखाना. ओट्यावर मामा रापीनें तळ कापीत होते. आंत मामी कापलेल्या कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालीत बसल्या होत्या, आणि बोलतां बोलतां त्यांच्या बोटांकडे त्यांचें लक्षही नव्हतें. खऱ्या कोल्हापुरी जोडांत खिळा नसतो. तळाचे थर आरीनें भोंक पाडून कातड्याच्याच वादीनें शिवतात. दोन्ही बाजूंचे कान तळाच्या थरांत गुंतवून मग त्यांवर पट्टा चढतो. आणि हें झालें शेवटचें काम. त्याआधीं कातडें चुन्यांत, मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत आठवड्यांमागून आठवडे मुरलेलें असतें. हें कमावण्याचें काम परंपरेनें ढोर समाजाकडे, आणि शिवण्याचें चर्मकार समाजाकडे. कापशी, कुरुंदवाडी अशीं गांवांचीं नांवें चपलांच्या प्रकारांना पडलीं आहेत. करणाराचें नांव मात्र एकाही प्रकाराला नाहीं.

बारीक वेणीच्या जोडाची किंमत मामांनीं अठराशें रुपये सांगितली. मी हिशोब विचारला. कातडें, तेल, रंग मिळून आठशें रुपये. आणि नवराबायकोचे दोन दोन दिवस. म्हणजे हजार रुपयांत चार दिवसांची मजुरी, दर माणशीं दिवसाला अडीचशें. माझ्या मित्राच्या इच्छेप्रमाणें मी तो जोड चौदाशेंवर आणला असता, तर तीच मजुरी दीडशें झाली असती. मी हा हिशोब मोठ्यानें मांडला तेव्हां मामा हंसले आणि म्हणाले, ‘पाव्हणं, आसा हिशोब लावत बसलं, तर चप्पल शिवायचीच बंद करावी लागंल.’

शनिवारीं आम्ही पांच मित्र पुण्यांत जेवावयास बसलों. हा आमचा नियमच आहे. आठवडाभर पांच दिशांना पांगलेले लोक त्या दिवशीं एका मेजाशीं येतात, आणि खरें सांगावयाचें तर या एका संध्याकाळीसाठीं मी बाकीचा आठवडा सोसतों. जेवण, नंतर दुसरीकडे जाऊन प्रत्येकीं तीनशें वीस रुपयांची कॉफी. सगळें मिळून बिल सहा हजारांच्या घरांत गेलें. वाढप्याला कोणीं भाव विचारला नाहीं. बिलावर सेवेच्या नांवाखालीं कांहीं टक्के आपोआप चढविलेले होते, तेही आम्हीं मुकाट्यानें दिले. त्याच मेजावर मामांची गोष्ट निघाली आणि माझा मित्र म्हणाला, ‘तूं फसलास. अठराशें? मुळींच कांहीं कमी केलें नाहींस?’ म्हणजे नवराबायकोच्या चार दिवसांवर चारशें रुपये सोडवून आणणें हें शहाणपण, आणि कॉफीच्या एका पेल्याला तीनशें वीस देणें ही रसिकता! हाच मित्र जूनमध्यें प्राडावर बहिष्कार घाला म्हणून लिहीत होता. प्राडाच्या दुकानांत त्यानें आजवर पाऊल टाकलेलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

यावर सांगण्यांत येतें, कीं भाव करणें ही बाजाराची रीतच आहे. विकणारा मुळांतच फुगवून सांगतो. असेल. पण तो फुगवून कां सांगतो? आपण कापणार हें त्याला ठाऊक असतें म्हणून. चकचकीत दुकानांत, जेथें किंमतीची चिठ्ठी वस्तूला टांगलेली असते, तेथें आमची ही बाणेदार रीत कोठें दडी मारते? तेथें आम्ही चिठ्ठी उलटून पाहतों, मान हलवितों, आणि एक तर घेतों किंवा निघून जातों. ही सभ्यता आम्हांला येत नाहीं असें नाहीं. ती कोणाशीं वापरावयाची हें आम्हीं ठरवून ठेवलें आहे.

दुसरें म्हणणें असें, कीं हप्ते व घरभाडें भरून तरुणांच्या हातीं उरतें काय? हें म्हणणें पुष्कळांच्या बाबतींत अगदीं खरें आहे, आणि ज्याला अठराशें परवडत नाहींत त्याच्याशीं माझें भांडण नाहीं. त्यानें घेऊं नये. घेतलेला जोड पुन्हां पुन्हां शिवून वापरावा. माझें भांडण ज्याला परवडतें त्याच्याशीं आहे. तो आमच्यांतलाच आहे, आणि तीनशें रुपयांना रेक्झिनची, गोंदानें चिकटविलेली, खिळे ठोकलेली यंत्रावरची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून घेतो व तिचा फोटो मित्रांना दाखवितो. वस्तुतः २०१९ सालीं या चपलेला भौगोलिक उपदर्शन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील करणाराखेरीज तें नांव इतरांनीं वापरूं नये असा त्याचा अर्थ. मग रस्त्यारस्त्यावर चाललेल्या या नांवाच्या चोरीविरुद्ध किती याचिका गेल्या? चोर परका असला म्हणजेच आम्हांला चोरी दिसते.

परंतु सर्वांत चीड आणणारें म्हणणें तिसरेंच आहे, आणि तें बहुधा डोळ्यांत पाणी आणून मांडलें जातें. मामांचा मुलगा यंत्रविद्येच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, असें मी सांगितलें, तेव्हां मेजावर एक हळहळ उमटली. ‘अरेरे! मग ही कला बुडणारच कीं! त्यानें ती सोडतां कामा नये.’

कोणीं सोडूं नये? पांच अभियंते बसून एका भावी अभियंत्याला आरी हातांत धरावयास सांगत होते. त्या पांचांत मीही होतों, आणि मला माझेंच घर आठवलें. माझे आजोबा तांबट. कसबा पेठेंतल्या तांबट आळींत त्यांची ऐरण होती. बंब, हंडे, घंगाळें त्यांच्या हातून उतरलीं. मठारकाम करतांना हातोडीचा ठोका ठोक्याला लागून बसावा लागतो. त्या ठोक्यांनीं तांबें घट्टही होतें आणि लकाकूं लागतें. पुढें स्टेनलेस स्टील आलें, न्हाणीघरांत गॅस आला. माझे वडील बँकेंत कारकून झाले, आणि मला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला त्या दिवशीं आजोबांनीं स्वतः आळीभर पेढे वाटले. त्या दिवशीं कला बुडाली म्हणून कोणीं उसासा टाकला नाहीं. माझ्या पायावर उभें राहण्याला प्रगति म्हणावयाचें आणि मामांच्या मुलाच्या त्याच पावलाला परंपरेचा ऱ्हास, हा न्याय कोठला?

शिवाय तांबटाचें घर सोडून येणें आणि चर्मकाराचें सोडून येणें एकच नव्हे, हें आम्ही जाणूनबुजून विसरतों. ज्या हातांची चप्पल आज आमच्या दिवाणखान्यांतल्या गप्पांत ‘वारसा’ म्हणून मिरविली जाते, त्या हातचें पाणी पिण्याची माझ्या आजीची तयारी नव्हती. ती प्रेमळ बाई होती. पण चपलेचा जोड दारांत आला म्हणजे पैसे ती वरून टाकीत असे. या धंद्याचें नांव शिवीसारखें वापरणारीं तोंडें आमच्याच घरांत होतीं, आणि तीं सगळींच मिटलीं आहेत असें छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाहीं. तो मुलगा हें सर्व ऐकत वाढला. त्याला कला सोडूं नकोस म्हणून सांगण्याचा अधिकार ज्यांनीं मिळविला नाहीं, तेच तो सर्वांत आधीं बजावतात. पदविका हातांत असतांही त्यानें खुशीनें रापी उचलावी असें कोणाला खरोखर वाटत असेल, तर रापीनें त्याला पदविकेइतकें पोसलें पाहिजे आणि तितकेंच मानानें वागविलें पाहिजे. दिवसाला दीडशें रुपये देऊन वारसा विकत मिळत नाहीं.

मित्रानें दोन जोडांचे छत्तीसशें रुपये मला दिले. पण ‘फसलास’ हा शब्द त्यानें मागें घेतला नाहीं. चपला मात्र त्याच्या पायाला चांगल्या बसल्या. परवां त्यांतल्या एकीचा अंगठा उसवला, तेव्हां त्यानें तो कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून आणला. साठ रुपये सांगितले होते, ते आपण चाळिसांवर आणले, हें त्यानें शनिवारीं कॉफी पितां पितां आम्हां सर्वांना मोठ्या कौतुकानें सांगितलें.